पर्यावरणपूरक बांधकाम आणि लोकांची कामं: सोलापूरच्या एका आर्किटेक्टला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला येणाऱ्या प्रश्नांचे हंगाम ठरलेले आहेत. बारावीचा निकाल लागला की पालकांचे, मे महिन्यात वरच्या मजल्यावर झोप येईनाशी झाली की घरमालकांचे, आणि ग्रामपंचायतीकडे निधी आला की सरपंचांचे. सव्वीस वर्षं सोलापुरात आर्किटेक्ट म्हणून काम करतेय. निम्मं काम घरं-दुकानांचं, उरलेलं शाळा, अंगणवाड्या, वस्त्या आणि जुन्या माळवदांचं, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरांचं. तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच लिहून ठेवलं. उत्तरं सोलापूर जिल्ह्याच्या हवा-मातीपुरती आहेत. कोकणात घर बांधणाऱ्यानं यातलं अर्धं सोडून द्यावं.

१. आर्किटेक्ट, सिव्हिल इंजिनिअर आणि वास्तुशास्त्रवाले यांत फरक काय?

घरात कुठून यायचं, उजेड-वारा कसा खेळायचा, जिना कुठे, भिंत कशाची, हे सगळं एकत्र बसवतो तो आर्किटेक्ट. कॉलम-बीम-स्लॅबमध्ये सळई किती, पाया किती खोल, हे ठरवतो स्ट्रक्चरल इंजिनिअर, आणि दुमजली घरालाही तो लागतोच. वास्तुशास्त्रवाल्यांचा या दोघांशी संबंध नाही. ‘वास्तुविशारद’ या शब्दामुळे घोळ होतो आणि महिन्यातून एकदा तरी कुणी मला देवघराची दिशा विचारतं. मी सांगते, देवघर कुठेही ठेवा, स्वयंपाकघराची पश्चिमेकडची भिंत तेवढी मला दाखवा.

२. मुलांना आर्किटेक्ट व्हायचंय. बारावीनंतर नेमकं काय करायचं?

बी.आर्क. ही पाच वर्षांची पदवी आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही गणित घेतलेलं असेल तर वाट मोकळी आहे. प्रवेशासाठी ‘नाटा’ ही परीक्षा असते, ती कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर घेते. जेईई मेनचा आर्किटेक्चरचा वेगळा पेपर हा दुसरा रस्ता. राज्यातले प्रवेश सीईटी सेलमार्फत होतात. टक्केवारीची अट बदलत राहते, म्हणून त्या वर्षाची माहितीपुस्तिकाच बघा, शेजारच्या काकांचं ऐकू नका. पाच वर्षांत एक सत्र कुणाच्या तरी ऑफिसात प्रत्यक्ष कामाचं असतं. पदवीनंतर कौन्सिलकडे नोंदणी झाली की मगच नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावता येतं. (नोंदणी नसेल तर काय, ते प्रश्न १८ मध्ये.)

‘चित्रकला चांगली आहे’ हे कारण मला नेहमी ऐकवतात. चालेल. पण एखादं पोरगं लग्नात मांडव घालताना बांबू कसा बांधतात हे बघत उभं राहत असेल, तर मी त्याला आधी घेईन.

३. ‘ग्रीन बिल्डिंग’ म्हणजे सोलर पॅनल आणि गच्चीवर कुंड्या, हेच ना?

हे दोन्ही शेवटी येतं. आधी ऊन येतं.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, ११ मेच्या सुमारास आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाशीच जिरते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, पारा ४२-४४ ला टेकलेला असताना, घराचा सगळ्यात जास्त तापणारा भाग भिंत नसून छत असतं. त्याखालोखाल पश्चिमेची भिंत, कारण ती तीन वाजल्यापासून मावळतीपर्यंत भाजत राहते. या दोन गोष्टींचा बंदोबस्त न करता पॅनल लावणं म्हणजे गळक्या घागरीला नवी चुंबळ.

दुसरा भाग सामानाचा. जगातल्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे. भट्टी पेटवायला इंधन लागतं हे एक कारण, पण त्याहून मोठं असं की चुनखडी भाजली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टी कितीही स्वच्छ करा, तो निघणारच. त्यामुळे जे उभं आहे ते न पाडणं आणि नवीन बांधायचं ते गरजेपुरतं बांधणं, हीच मला सगळ्यात हिरवी कामं वाटतात. ग्राहकांना ती सगळ्यात कमी आवडतात.

४. वरचा मजला मे महिन्यात भट्टी होतो. कमी खर्चात काय होईल?

स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली सोडतो. रात्री दहाला पंखा गरम हवा फेकतो त्याचं कारण हेच. उपाय स्वस्तापासून सांगते.

मार्च लागला की गच्ची झाडून-धुऊन चुन्याचे दोन हात द्या. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा डिंक घातला की तो हाताला लागत नाही. फरक पहिल्याच रात्री कळतो, पण आपल्याकडची धूळ बसली की गुण कमी होतो आणि पावसात बराच धुऊन जातो. हे दरवर्षीचं काम आहे.

त्याहून बरं म्हणजे सावली. स्लॅबपासून दोन-तीन फूट वर शेडनेट ताणा, खालून वारा जाऊ द्या. आपल्याकडे द्राक्षवाल्यांकडे बेदाण्याच्या शेडची जुनी नेट पडून असते. फाटकी निघाली तरी सावलीला चालते. नेट स्लॅबवर अंथरू नका, मधली हवाच खरं काम करते.

कायमचं करायचं असेल तर उतार नीट देऊन वर पांढऱ्या फुटक्या टाइल्सची फरशी. गळतीही थांबते. हे करताना कंत्राटदार जुन्या थरावर नवा थर चढवतो आणि स्लॅबवर ओझं वाढतं, म्हणून जुना थर आधी काढायला लावा.

५. खिडक्या दिवसभर उघड्या ठेवतो, तरी उकडतं. असं का?

म्हणूनच उकडतं. आपला उन्हाळा कोरडा आहे. दुपारी बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गरम असते आणि रात्री चांगली उतरते. सकाळी नऊला खिडक्या-पडदे बंद, संध्याकाळी बाहेर गार वाटायला लागलं की सगळं उघडायचं. आपल्या आज्यांना हे माहीत होतं. वाड्याच्या खिडक्या लहान आणि आतून झडप लावता येईल अशा असायच्या. पावसाळ्यात मात्र उलट, दमट हवेत वारा वाहताच हवा.

एक बारीक गोष्ट. उत्तरेच्या खिडकीला छज्जा लागत नाही, असं उत्तर भारतातल्या हिशोबानं लिहिलेलं वाचून लोक येतात. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला झुकलेला असतो. लहान का होईना, उत्तरेलाही छज्जा ठेवा.

६. गावाकडचं माळवदाचं घर गार असतं म्हणतात. आता तसं बांधता येईल का?

गार असतं, यात वाद नाही. लाकडी तुळया, त्यांवर कड्या, वर फळ्या किंवा काटक्या, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि सगळ्यात वर वीतभराहून जाड पांढरी माती. दोन-अडीच फुटी दगडी भिंती. उजेडाला आणि धुराला छतात साणं, म्हणजे झरोका. दिवसाचं ऊन त्या मातीतून खाली पोचेपर्यंत रात्र होते.

उत्तर सोलापुरातल्या एका आजींकडे मी मिरगाआधी मुद्दाम गेले होते. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई शिडीवरून वर चढून पांढरीची पाटी पसरत होती. उताराकडे जरा जास्त, कडेला जरा कमी, अंदाज सगळा तळहाताचा. पन्हळीपाशी येऊन तिनं बोटानं कचरा काढला आणि म्हणाली, ‘पावसाआधी पांढरी टाकली की माळवद गप बसतंय बघ. न्हाई टाकली की रातभर आपल्याला बसवतंय.’ माळवदाचं सगळं शास्त्र त्या दोन वाक्यांत आलं. हे छत दरवर्षी माणूस मागतं. घरात वर चढणारं कुणी उरलं नाही की तीन पावसाळ्यांत तुळई कुजते.

म्हणून नवीन घराला मी जसंच्या तसं माळवद सुचवत नाही. लाकूड परवडत नाही, आणि भूकंपाचा मुद्दा आहेच (प्रश्न ७). पण जाड पश्चिम भिंत, आत ओढलेली ओसरी, वरून येणारा थोडा उजेड आणि छतावर उष्णता अडवणारा थर, हे सगळं आजच्या घरात आणता येतं. माळवद शाबूत असेल तर मात्र ते सांभाळा.

७. किल्लारीत दगड-मातीचीच घरं पडली ना? मग तुम्ही त्यांचं कौतुक कसं करता?

प्रश्न रास्त आहे आणि टोमणा मारून विचारला जातो, तरी मला तो आवडतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद पट्टा भूकंपानं हादरला, दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तो भाग तेव्हाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता; पुढे २००२ च्या नकाशात तो पट्टाच रद्द झाला.

मारलं दगडानं नाही, दगड रचण्याच्या पद्धतीनं. त्या जाड भिंती म्हणजे खरं तर दोन पातळ भिंती होत्या: एक बाहेरून, एक आतून, मध्ये बारीक दगड-माती कोंबलेली. दोन्हींना जोडणारे आरपार दगड नव्हते. हादरा बसला तशा त्या फुगल्या आणि उकलल्या, आणि दरवर्षी टाकलेल्या मातीनं जड झालेलं छत खाली आलं. जिथे आतला लाकडी खणांचा सांगाडा धड होता तिथे भिंती ढासळूनही छत तोलून राहिल्याची उदाहरणं आहेत.

म्हणून जुन्या घराच्या दुरुस्तीत आम्ही तीन गोष्टी आधी करतो. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जोड देणं, जोत्यावर, दारांच्या वर आणि छताखाली सलग पट्टा फिरवणं, आणि छतावरची वर्षानुवर्षांची जादा माती उतरवणं. तिसऱ्या कामाला आजी लोक सगळ्यात जास्त विरोध करतात.

८. जुना वाडा पाडू की दुरुस्त करू?

बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण पाडायच्या आधी एक तपासा. भिंतीला ओल का आली? बहुतेक वेळा आधीच्या पिढीत कुणीतरी ‘मजबुतीसाठी’ दगड-मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केलेला असतो. आतली ओल बाहेर पडायला जागा राहत नाही आणि पोपडे धरतात. तो गिलावा काढून चुन्याचा केला की भिंत श्वास घ्यायला लागते. चुना भिजत ठेवायला दिवस लागतात, घाणीवर मळायचा, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी. हे जमणारे गवंडी आता शोधावे लागतात, आणि सापडले की त्यांच्या सवडीनं काम करावं लागतं.

९. विटा कोणत्या घेऊ? सिमेंट कोणतं?

फताटेवाडीजवळच्या एनटीपीसीच्या १,३२० मेगावॉटच्या प्रकल्पातून राख निघते, त्यामुळे आपल्याकडे राखेची वीट शोधायला लांब जावं लागत नाही. शेताची माती खणावी लागत नाही आणि भट्टी लागत नाही, म्हणून मी ती सुचवते. घेताना एक वीट कंबरेच्या उंचीवरून कडक जमिनीवर टाका; तुकडे झाले तर ट्रक परत पाठवा. सिमेंट राख-मिश्रित, म्हणजे पीपीसी चालतं, फक्त पाणी मारायला किमान दहा दिवस द्या. सेंट्रिंगवाल्याला घाई असते, तुम्हाला नसावी.

विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवण्याची रॅट-ट्रॅप पद्धत स्वस्त घरांसाठी ओळखले जाणारे आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात रुळवली. तिनं सुमारे एक चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीमुळे भिंत कमी तापते. अडचण अशी की वीट एका मापाची हवी. आपल्या भट्टीच्या विटांत दोन भावांचंही माप जुळत नाही, राखेच्या विटेत जुळतं.

१०. गच्चीचं पावसाचं पाणी साठवून खरंच उपयोग होतो का?

हिशोब साधा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आपल्याकडे वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. १०० चौरस मीटर गच्चीवर, वाया जाणारं सोडून, चाळीस हजार लिटरच्या वर पाणी हाती लागतं. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही तिथे हे थोडं नाही. राज्याच्या बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांना ही सोय सक्तीची आहे; लहानांनी आपणहून करावी. पहिले दोन पाऊस बाहेर सोडायचे, मग गाळणी, मग हौद.

जमिनीत मुरवायचं असेल तर सावध. सुरुवातीच्या काळात मी एका शाळेसाठी पुस्तकातला शोषखड्डा जसाच्या तसा काळ्या मातीत खणला. काळी माती भिजली की फुगते आणि तोंड मिटते. पाणी मुरेना, खड्ड्यात डासांची पैदास झाली आणि उन्हाळ्यात शेजारच्या कंपाउंडला भेग गेली. आता मुरमापर्यंत खणल्याशिवाय मी खड्ड्याचं नाव काढत नाही. घराच्या पायापासून तो लांब ठेवायचा, हे त्या भेगेनं शिकवलं.

११. मग सोलर कधी लावू?

छताची सावली आणि गळती मिटली की. ३ किलोवॉटला साधारण तीनशे चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि दिवसाला सरासरी बारा युनिटच्या आसपास वीज मिळते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनल उंच चौकटीवर बसवा, म्हणजे प्रश्न ४ मधली सावलीही फुकटात मिळते.

१२. घराला ‘ग्रीन’ सर्टिफिकेट घ्यावं का?

‘गृह’ आणि आयजीबीसी हे आपल्याकडचे दोन परिचित मानांकनाचे मार्ग. मोठी सरकारी इमारत, कॉलेज, हॉस्पिटल असेल तर घ्या, त्या निमित्तानं शिस्त लागते. दीड हजार चौरस फुटांच्या घराला नको. त्या पैशांत पश्चिमेला दोन कडुलिंब आणि एक चांगला छज्जा येतो.

१३. सोलापुरात राहून या कामावर पोट भरतं का? सगळे तर हुतात्मा एक्सप्रेस धरून पुण्याला जातात.

भरतं, उशिरा भरतं. पहिली चार-पाच वर्षं मी बंगल्यांचे एलिव्हेशन आणि दुकानांचे फर्निचर काढून भाडं दिलं. फक्त पर्यावरणपूरक किंवा फक्त सेवेची कामं घेईन असं म्हणून सुरुवात करू नका. नेहमीच्याच कामात छत, छज्जा, पाणी हे सरकवत राहा. बहुतेकांना ते ‘ग्रीन’ आहे हे कळतही नाही, वीजबिल तेवढं कळतं. पुण्याला दोन-तीन वर्षं चांगल्या ऑफिसात घालवून परत येणं हा उत्तम मार्ग. इथे फी कमी मिळते, पण गिऱ्हाईक वीस वर्षांनी पोराचं घर घेऊन येतं.

१४. आमच्या गावच्या शाळेसाठी / समाजमंदिरासाठी फुकट नकाशा द्याल का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून सविस्तर. उत्तर ‘नाही’ आहे. फुकट येईन, फुकट नकाशा देणार नाही. यातला फरक मी पैसे न मोजता, पण दुसऱ्यांच्या खर्चानं शिकले.

वीसेक वर्षांपूर्वी एका गावातून निरोप आला की मुलींसाठी स्वच्छतागृह हवंय, पैसे मंजूर आहेत, आठवड्यात नकाशा द्या. मला कोण आनंद! फोनवर मापं घेतली, रात्री जागून सुबक नकाशा काढला, हवा खेळती राहावी म्हणून जाळीच्या भिंती दिल्या, पाठवला. दीड वर्षानं रस्त्यात गाव लागलं म्हणून उतरले. स्वच्छतागृह नकाशाबरहुकूम बांधलं होतं. दरवाजे मात्र थेट पारासमोर उघडत होते, जिथे गावची पुरुषमंडळी बसतात. पाण्याची टाकी होती, तिच्यात पाणी चढवायला काही नव्हतं. माझ्या त्या हवेशीर जाळीच्या आत कडबा रचला होता आणि तो उत्तम सुकत होता. एक मुलगी म्हणाली, ‘आम्ही मधल्या सुट्टीत घरीच जातो बाई.’ काहींची घरं तर लांबच्या वाड्या-वस्त्यांवर होती.

त्या दिवशी एक तास जाऊन बसले असते तर पार दिसला असता. आता माझी पद्धत अशी: दोन फेऱ्या, एक शाळा भरलेली असताना आणि एक रिकामी असताना. बोलणी सरपंचांशी, पण त्याआधी झाडणाऱ्या मावशींशी, कारण पाणी कुठून आणावं लागतं ते त्यांना माहीत असतं. मग कागद. आणि काम चालू असताना जोत्यावर, लिंटेलवर (दारा-खिडक्यांच्या वरच्या पट्ट्यावर) आणि शेवटी अशा तीन वेळा कुणीतरी आर्किटेक्ट तिथे जाणार असेल तरच. मला जमणार नसेल तर मी तसं सांगते, आणि लोक रागावतात.

१५. म्हणजे सेवेच्या कामाचे पैसे घेता?

माझी फी नाही; प्रवासखर्च आणि ऑफिसातल्या मुलांचा पगार निघेल इतकं मागते. देणारा कोण ते बघून. पूर्ण फुकट मिळालेल्या नकाशावर गवंडी, सदस्य आणि जावई असे तिघंही आपापली रेघ ओढतात; थोडे पैसे दिलेले असले की विचारून ओढतात. मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीनं अंगणवाडीच्या कामाबद्दल मालदांडी ज्वारीचं पोतं आणून टाकलं होतं. हिशोबात ते कुठल्या रकान्यात लिहावं यावर आमच्या अकाउंटंटशी अजून वाद आहे.

१६. विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरांसाठी वेगळं काय लागतं?

सोलापूरच्या आर्किटेक्टला हे यायलाच हवं. शहराजवळच्या कुंभारीत कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १०,००० घरांची विडी कामगार वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, आणि तिथेच असंघटित कामगारांच्या रे नगर वसाहतीतल्या ३०,००० घरांपैकी पहिली १५,००० जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात दिली गेली. कामगारांनीच संस्था करून एवढी घरं मिळवणं हे सोपं काम नव्हे. आकड्यांपलीकडे मला त्यात बघावंसं वाटतं ते घरातलं काम.

विडी वळणारी बाई उंबऱ्याशी बसते. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात तेंदूची पानं. तिला हातावर उजेड हवा, अंगावर ऊन नको, आणि रस्त्यावर खेळणारं पोर दिसायला हवं. तंबाखूची भुकटी घरात मागे जाऊन चुलीपाशी साचू नये म्हणून वारा आतून बाहेर यायला हवा. म्हणजे दारापुढे चार फुटांचा सावलीतला ओटा आणि मागे उंचावर छोटा झरोका. खोली दोन फुटांनी लहान झाली तरी चालेल, ओटा वगळू नका.

सोलापूरच्या पूर्व भागात घरातच माग असतो तिथे प्रश्न आवाजाचा, धक्क्याचा आणि सुताच्या भुशाचा. मागाचा पाया घराच्या भिंतीपासून सुटा घ्यायचा, नाहीतर रात्रपाळीला पलंगही विणकाम करतो. जुन्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं आठवा. वरून सारखा, थंड उजेड घ्यायची ती युक्ती एका खोलीच्या कारखान्यालाही लागू पडते.

आणि लोक घर बदलणार हे धरूनच चला. पुण्यात जन्मलेले आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी, ज्यांना २०१८ चं प्रिट्झकर हे आर्किटेक्चरमधलं मोठं पारितोषिक मिळालं, त्यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत पूर्ण घरांऐवजी जोतं, संडास-न्हाणी आणि वाढायला जागा अशी सुरुवात करून दिली. बाकी लोकांनी बांधलं. आपल्याकडे ग्रामीण घरकुल किमान २५ चौरस मीटरचं असतं. त्याचा नकाशा काढताना मी पुढच्या खोलीच्या जागी आत्ताच तुटक रेघ मारून ठेवते, म्हणजे उद्या ती खोली खिडकी बुजवून उभी राहत नाही.

१७. मुलीनं साइटवर काम करणं जमेल का?

मला जमतंय. पहिल्या साइटवर गवंडी मामांनी मला खुर्ची दिली आणि सावलीत बसा म्हणाले. मी ओळंबा मागितला. भिंत अर्धा इंच बाहेर होती. त्यांनी काही न बोलता वरचे चार थर उतरवले, आणि दुसऱ्या दिवशीपासून ‘मॅडम’ची ‘ताई’ झाले. साइटवर बायकांसाठी संडास नसतो ही खरी अडचण आहे. माझ्या साइटवर पहिलं तेच उभं राहतं, कारण बिगारी बायकांनाही तो लागतोच.

१८. नोंदणी नसताना कुणी नकाशे काढले तर तो गुन्हा आहे का?

इथे बारकावा आहे. आर्किटेक्ट्स अ‍ॅक्ट १९७२ नुसार नोंदणीशिवाय ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावणं गुन्हा आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कायदा उपाधीला संरक्षण देतो. इमारतीची रचना करण्याचं कामच इतरांना बंद करत नाही. म्हणून परवानाधारक इंजिनिअर नियमांत बसेल तिथे नकाशावर सही करू शकतो, पण पाटीवर ‘आर्किटेक्ट’ लिहू शकत नाही. पदवी हातात आहे पण नोंदणी व्हायचीय अशा मुलांनाही हेच लागू. आणि नोंदणीचं नूतनीकरण विसरलेल्या ज्येष्ठांनाही.

१९. फुकट सल्ला दिला आणि नंतर काही बिघडलं, तर जबाबदारी कोणाची?

सल्ला देणाऱ्याची. पैसे घेतले नाहीत म्हणून स्लॅब हलका होत नाही. म्हणून मी फोटो बघून ‘ही भेग चालेल का’ याचं उत्तर देत नाही. भेग तिरपी असेल, रुंदावत असेल, कॉलमवर असेल तर त्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. गणपती मंडळाचा मंडप, गच्चीवरची मोठी टाकी, शाळेवर चढवायचा मजला, या तिन्हींत ‘तोंडी सांगा ना मॅडम’ असा आग्रह होतो. या तिन्हींत मी लेखीच देते, तेही इंजिनिअरच्या सहीसह. शिकणाऱ्या मुलांनी उत्साहात कुठल्याच संस्थेला स्वतःच्या नावानं बांधकामाचा नकाशा देऊ नये. मापं घ्यावीत, मॉडेल करावं, वर कुणीतरी नोंदणीकृत माणूस असावा.

२०. भेटायला येताना काय आणू?

प्लॉटची कागदपत्रं, हातानं काढलेला कच्चा आराखडा, आणि दुपारी तीन वाजता प्लॉटवर उभं राहून चारही दिशांना काढलेले फोटो. सकाळचे नकोत, सकाळी सगळेच प्लॉट छान दिसतात. घरातल्या ज्या व्यक्तीला सगळ्यात कमी बोलू देतात तिला सोबत आणा. इंटरनेटवरचे काचेचे दर्शनी भाग आणलेत तरी चालतील, आपण ते पश्चिमेला धरून बघू. आणि जानेवारीत गड्ड्याची यात्रा असते त्या दिवसांत येऊ नका. गवंडी तिकडे असतात, मीही.